हात रिकामे ठेवून पाहायचा सिनेमा

दुपारचे दीड-दोन वाजले, ओटा पुसून झाला, की आपल्यापैकी बहुतेकींच्या वाट्याला एक-दीड तास येतो. आमच्या पनवेलमध्ये तर तो ठरलेलाच. सकाळी लोकलने गेलेली माणसं दिवेलागणीशिवाय परतत नाहीत आणि मुलं शाळेतून परस्पर क्लासला जातात. या तासाचं आपण काय करतो? मेथी निवडतो, लसूण सोलतो, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालतो, आणि समोर मालिका चालू असते. खरं म्हणजे मालिका आपण पाहत नाहीच, ऐकतो. ती करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. म्हणून तर एकच गोष्ट तिघांच्या तोंडून तीनदा सांगितली जाते, आणि काही महत्त्वाचं घडलं की असा ढणढणाट होतो की स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यावं!

आज ज्या सिनेमांविषयी मी लिहिते आहे, तेही याच तासात, याच खोलीत पाहता येतात. पण लसूण सोलताना नाही पाहता येत. कुणी जपानी बोलतं, कुणी फारसी, कुणी बंगाली. खाली इंग्रजी अक्षरं उमटतात आणि दोन क्षणांत पुसली जातात. मान खाली गेली की वाक्य गेलं. म्हणजे दीड-दोन तास नुसतं बसायचं, हात मांडीवर ठेवून. मैत्रिणींनो, "असले सिनेमे आपल्याला कळायचे नाहीत" असं आपण म्हणतो ना, त्यातली निम्मी अडचण या बसण्याची असते. भर दुपारी रिकाम्या हातांनी बसलेली बाई घरातल्यांना बघवत नाही, आणि तिचं तिलाही चुकल्याचुकल्यासारखं होतं.

कॅसेट कोण निवडायचं?

चांगला सिनेमा आपल्यापासून लांब होता, हेही खरंच. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. पी. के. नायर यांनी आयुष्यभर खपून आपले आणि देशोदेशीचे जुने चित्रपट तिथे गोळा केले. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. जाणकार मंडळी तिथे जमून जगातले उत्तम चित्रपट पाहू लागली, त्यांवर तासन्‌तास बोलू लागली. पण पनवेलला लोकल आली ती १९९८ मध्ये. त्याआधी इथल्या एखाद्या सुनेने संध्याकाळी एस.टी.ने दादर गाठायचं, स्वीडनचा सिनेमा पाहायचा आणि रात्री साडेअकराला घरी यायचं, कल्पना तर करून बघा! (आज लोकल आहे, पण म्हणून तिला जाता येईलच असं नाही. ते असो.)

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि आठवड्याला एक मराठी, एक हिंदी चित्रपट घरात आला. पुढे ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी इतर भाषांमधले पुरस्कार मिळवलेले चित्रपट लागू लागले. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी सत्यजित राय, अदूर गोपालकृष्णन ही नावं पहिल्यांदा ऐकली ती तिथेच, रविवारच्या जेवणानंतर, निम्मं घर घोरत असताना.

मग व्हिडिओ आला. शेमारू हे नाव तुम्ही कॅसेटवर, तबकडीवर पाहिलं असेल. ती कंपनी मुळात १९६२ मध्ये मुंबईत पुस्तकांची सर्क्युलेटिंग लायब्ररी म्हणून सुरू झाली आणि १९७९ मध्ये तिने व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. कारण पुस्तक बदलायला बाई स्वतः जायची. कॅसेट आणायला मात्र घरातले पुरुष जात. आमच्या सासूबाई सांगतात, व्ही.सी.आर. भाड्याने आणायचा तो एका रात्रीपुरता, सोबत तीन कॅसेट, आणि सगळा वाडा गोळा. पहिला सिनेमा मारामारीचा, दुसरा मारामारीचा, तिसरा लागेपर्यंत पहाट. सासूबाईंच्या वाट्याला दोन सिनेमांच्या मधला चहा!

यात फरक पडला तो तबकड्या स्वस्त झाल्यावर. २००७ साली मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, आणि भाजीच्या पिशवीत घालून बाईला स्वतः निवडलेला सिनेमा स्वतःच्या पैशांनी घरी आणता आला. २०१६ मध्ये तर जानेवारीत नेटफ्लिक्स आपल्याकडे आलं, सप्टेंबरात जिओने इंटरनेट स्वस्त केलं, डिसेंबरात ॲमेझॉनचा प्राइम व्हिडिओ आला. आता संग्रहालयच उशाशी येऊन बसलंय म्हणा ना.

पण एक गोष्ट अजून तशीच आहे. टी.व्ही.वरचं ते खातं असतं यजमानांच्या नावाचं. त्यावर पाहतात यजमान आणि मुलं. आणि ही ॲप्स अशी बेतलेली असतात की आधी जे पाहिलं गेलं त्याच्याच जातीचं पुढे सुचवायचं. म्हणून पहिल्या पानावर पुन्हा मारामारी! तेव्हा पहिलं काम हे करा: त्या खात्यात आपल्या नावाचा वेगळा प्रोफाइल उघडा. पैसे जास्त पडत नाहीत. दोन-चार जुने चित्रपट त्यातून पाहिलेत की तेच ॲप तुमच्यापुढे तुमच्या आवडीचं ताट वाढायला लागतं.

आधी आपलीच पेटी उघडू

जपान-इराणला जायच्या आधी प्रभातकडे जावं. 'कुंकू' १९३७चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. पोरक्या नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलेलं. आता आपल्याला वाटतं की ही रडणार, सोसणार, शेवटी नवऱ्याचे पाय धरणार. छे! ती हे लग्नच मानत नाही. अंगचटीला येणाऱ्या थोराड सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. शांता आपटे आणि केशवराव दाते यांचं ते काम आज पाहतानाही अंगावर येतं. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज तेवढे ऐकू येतात, आणि भिंतीवरचं ते घड्याळ. संध्याकाळी घरात आपण एकटीच असताना जसं घड्याळ ऐकू येतं ना, तसं.

त्यात म्हाताऱ्याच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. ज्या काळात संततिनियमन हा शब्द उच्चारायची चोरी होती, त्या काळात त्याचा उघड प्रचार करणाऱ्या शकुंतलाबाई त्या याच. 'स्पर्श' आणि 'कथा' करणाऱ्या सई परांजपे त्यांची मुलगी. एकदा 'कुंकू' पाहून लगेच 'स्पर्श' पाहा, मायलेकींची गाठ पडेल.

'संत तुकाराम' १९३६चा. मुंबईत तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत गणला गेला. सगळे तो तुकोबांचा म्हणून पाहतात. तुम्ही एकदा जिजाईचा म्हणून पाहा. नवरा विठ्ठलात रमलेला, घरात दाणा नाही, पोरं भुकेली, आणि ही बाई सगळा संसार तोंडाने आणि हाताने ओढतेय. गौरी नावाच्या नटीने ती अशी उभी केली आहे की विठ्ठलालाही तिच्या शिव्या गोड लागल्या असतील. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं राहतो. त्यामुळे हे दोन्ही यूट्यूबवर सापडले तर खुशाल पाहा, चोरी होत नाही.

सासूबाई आणि 'टोकियो स्टोरी'

आमच्या इमारतीतल्या चौघी आणि सासूबाई, अशा आम्ही बुधवारी दुपारी जमतो. भिशीतूनच हे निघालं. एकीकडे एक ॲप, दुसरीकडे दुसरं. ज्या घरी जो सिनेमा त्या घरी आम्ही. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून खालची अक्षरं मी मराठीत मोठ्याने वाचते. हे सुरुवातीला कथेकऱ्यासारखं वाटलं. 'टोकियो स्टोरी' पाहताना मात्र त्यातली खोच कळली.

यासुजिरो ओझू यांचा हा १९५३चा जपानी चित्रपट. लहान गावातलं म्हातारं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला येतं. मुलगा डॉक्टर, मुलीचं केशभूषेचं दुकान. दोघांनाही वेळ नाही. जावई सासऱ्यांसाठी महागातले केक आणतो, तर मुलगी म्हणते, एवढं कशाला, साधं काही चाललं असतं. मग या दोघांना गोंगाटाच्या एका ठिकाणी हवापालटाला धाडून देतात. त्यांना जीव लावते ती फक्त सून, युद्धात गेलेल्या मुलाची बायको नोरिको. एका खोलीत राहणारी, नोकरी करणारी. ती रजा काढून त्यांना शहर दाखवते. सासू एक रात्र तिच्याकडे निजते आणि तिला म्हणते, पोरी, तू आता दुसरं लग्न कर.

विचार करा, ही सगळी वाक्यं मला माझ्या तोंडाने, शेजारी बसलेल्या सासूबाईंना ऐकवायची होती. मुलीचं ते केकचं वाक्य मी वाचलं तेव्हा खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सासू गेल्यावर दिवस होतायत न होतायत तोच ती मुलगी आईचा किमोनो आठवण म्हणून मागते. "म्हणजे साडी गं!" असं आमची एक मैत्रीण मोठ्याने म्हणाली. आपल्याकडे तेराव्याला काय वेगळं होतं?

सिनेमा संपल्यावर आम्ही सगळ्या त्या मुलीला नावं ठेवत होतो. सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "वाईट नाही गं ती. तिचं दुकान आहे. गिऱ्हाईक सोडून कशी बसेल? कामाची बाई आहे ती." आणि चहा ठेवायला उठल्या.

ओझू जन्मभर अविवाहित राहिले, आईजवळ राहिले. घरातल्या चार भिंतींतलं इतकं बारीक त्यांना कसं दिसलं, कोण जाणे. त्यांचा कॅमेराही बहुतेक वेळा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर असतो. पाटावर बसून पाहावं तसं दिसतं सगळं.

बटाटे

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारतं की आजवरचा सर्वांत श्रेष्ठ चित्रपट कोणता. १९५२ साली पहिल्यांदा विचारलं तेव्हा इटलीचा 'बायसिकल थीव्ज' पहिला आला होता. २०२२ मध्ये पहिला आला एका बाईचा चित्रपट. असं पहिल्यांदाच घडलं. आणि त्यात आहे काय? ब्रसेल्समधल्या एका विधवा गृहिणीचे तीन दिवस. ती भांडी घासते, मुलाचे बूट पुसते, पलंग आवरते, बटाटे सोलते. कॅमेरा हलत नाही. बटाटे सोलून होईपर्यंत आपणही समोर बसायचं!

त्याचं नाव 'झान दिएलमान', पुढे तिचा सगळा पत्ता. शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेने १९७५ मध्ये केला तेव्हा ती अवघी पंचवीस वर्षांची होती. या झानकडे दुपारी पुरुष येतात आणि पैसे ठेवून जातात, तेही बाकीच्या कामांसारखंच एक काम म्हणून दाखवलंय. तेव्हा मुलं घरात नसताना पाहावा हे बरं. पहिल्या दिवशी सगळं घड्याळाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. बस्स, एवढंच. पण ती ते पातेलं हातात घेऊन, आता याचं करायचं काय अशी घरभर फिरते, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कुणाही पुरुष समीक्षकाच्या आधी आपल्याला कळतं की काहीतरी भयंकर बिघडलंय.

मला विचाराल तर सिनेमा लांबलाच आहे, तीन तास एकवीस मिनिटं. एका बैठकीत पाहू नका. तीन दुपारी पाहा, एका दुपारी तिचा एक दिवस. जाणकार नाकं मुरडतील, मुरडू देत.

त्याच्या जवळचा आपला चित्रपट म्हणजे २०२१चा मल्याळी 'द ग्रेट इंडियन किचन', दिग्दर्शक जिओ बेबी. मोठ्या ॲप्सनी आधी नाकारलेला हा चित्रपट नीस्ट्रीम नावाच्या एका छोट्या ॲपवर आला आणि घराघरांत भांडणं लावून गेला. मग मोठ्यांनीही घेतला! २०२५ मध्ये त्यावरून हिंदीत 'मिसेस' निघाला. दोन्हीत मूळ मल्याळी पाहा. त्यात तुंबलेल्या मोरीच्या पाण्याचा आवाज आहे, तो कुठल्याही भाषेत कळतो.

मराठीतले, जे मोठ्या पडद्यावरून लवकर उतरले

आपले चांगले मराठी चित्रपट कधी लागतात आणि कधी जातात, पत्ता लागत नाही. मॉलमध्ये खेळ मिळतो तो अडनिड्या वेळेचा, आणि आपण "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणेपर्यंत फलक बदललेला. असे चित्रपट नंतर घरीच गाठावे लागतात. २००४चा 'श्वास' बहुतेकींनी पाहिलाच असेल. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' मात्र सुटला असेल तर जरूर गाठा. बदली होऊन कोकणात आलेली विधवा सरकारी नोकरदार आई आणि तिचा मुलगा. अमृता सुभाषने त्या आईला कुठेही बिचारी होऊ दिलेलं नाही. आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. २०१४ मध्ये व्हेनिसला त्याने पारितोषिकं मिळवली. त्यातली सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णीने केलेली, दिवसभर कोर्टात एका निरपराध माणसाविरुद्ध युक्तिवाद करते, मग लोकलने घरी जाते, वाटेत मुलाला घेते, घरी स्वयंपाकाला लागते. ती दुष्ट नाही. तुमच्याआमच्या डब्यातलीच आहे, आणि म्हणून तर तो प्रसंग पाहताना बरं वाटत नाही.

सुमित्रा भावे यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. पुण्यात समाजकार्य शिकवणाऱ्या या बाईंनी सिनेमाचं कुठलंही रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. वस्त्यांमधल्या बायकांचा अभ्यास करताना त्यांना वाटलं, ज्यांच्याविषयी हे लिहितोय त्यांना ते वाचता येणार नाही. पाहता मात्र येईल. त्यातून १९८५ मध्ये 'बाई' हा छोटा चित्रपट झाला. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती! पुढे सुनील सुकथनकरांबरोबर 'दोघी', 'दहावी फ', 'देवराई', 'अस्तु', 'कासव'. 'कासव'ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. २०२१ मध्ये सुमित्राबाई गेल्या. घरात विसरायला लागलेलं म्हातारं माणूस असेल तर 'अस्तु' पाहाच. स्मृती गेलेले संस्कृतचे पंडित मोहन आगाशे, आणि त्यांना आईच्या मायेने भरवणारी माहुताची बायको. डॉक्टरांनी तासभर सांगून जे कळत नाही ते तिथे कळतं.

थोडं व्यवहाराचं

खालच्या अक्षरांची भीती वाटत असेल तर माजिद माजिदी यांच्या इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन'ने सुरुवात करा. बहिणीचे बूट हरवलेला भाऊ आणि दोघांत मिळून एकच जोडी. शब्द थोडे आहेत. सुट्टीत मुलांना घेऊन पाहता येतो. अक्षरं बारीक दिसली तर बहुतेक ॲप्सच्या सेटिंगमध्ये ती मोठी करता येतात. कृष्णधवल चित्रपट पाहताना खिडकीचा पडदा ओढा; नाहीतर अर्धा सिनेमा काचेतच दिसतो.

सगळ्या ॲप्सचे पैसे एकदम भरू नका. एक महिना एक घ्या, त्यातलं हवं ते पाहून बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरं. पैसे आपोआप कापले जाणार नाहीत ना, हे आधी पाहा. आणि आज दिसणारा सिनेमा उद्या तिथे असेलच असं नाही. कंपन्यांचे करार संपतात आणि तो गुपचूप नाहीसा होतो. त्यामुळे "कधीतरी पाहू" म्हणून यादीत टाकून ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणूनच माळ्यावरच्या व्हीसीडी-डीव्हीडी भंगारात घालू नका. कितीतरी मराठी चित्रपट अजून कुठल्याच ॲपवर आलेले नाहीत. जपणूक म्हणाल तर तबकडी जुन्या मऊ सुती कापडाने पुसावी, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं की चरे पडतात. उभ्या ठेवाव्यात, पुस्तकांसारख्या. व्हिडिओ कॅसेट असतील तर आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. ती पांढरी दिसली तर यंत्रात घालू नका, यंत्रही बिघडेल. त्यात घरच्या लग्नाचं किंवा मुंजीचं चित्रण असेल तर वेळेवर उतरवून घ्या. नव्या टी.व्ही.ला जुना प्लेअर लागत नसेल तर एक छोटी जोडणी मिळते, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना एकीकडे आणि टी.व्ही.ची चपटी पिन दुसरीकडे. विजेच्या सामानाच्या दुकानात 'ए.व्ही. टू एच.डी.एम.आय. कन्व्हर्टर' म्हणून मागा.

जपण्याचं महत्त्व पुण्याला विचारा. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या ज्वालाग्राही फितींवरचे किती तरी चित्रपट, त्यात प्रभातच्या मूळ फितीही, जळून गेल्या. ज्यांच्या प्रती आधीच दुसरीकडे उतरवलेल्या होत्या, तेच आज आपल्याला दिसतात.

येत्या बुधवारी आमच्याकडे 'पथेर पांचाली' आहे. घरातली म्हातारी इंदिर आणि तिला घालूनपाडून बोलणारी सर्बजया, दोघींचीही वाक्यं मलाच वाचायची आहेत. सासूबाईंनी फर्मान काढलंय की चहा आधीच करून थर्मासमध्ये भरायचा, शेंगा सोलायला कुणी आणायच्या नाहीत आणि मध्ये कुणी उठायचं नाही.